उकंडमामांच्या चार ओळी

“पत्रिका भेटली,” उकंडमामा फोनवर म्हणाले. एरवी ते आधी जयभीम घालतात, मग आईची तब्येत विचारतात, मग रिसोडात सोयाबीनला काय भाव चालू आहे ते विचारतात, आणि मुद्द्यावर येईपर्यंत माझा चहा निवून जातो. त्या दिवशी मधलं सगळं गाळून ते म्हणाले, “पण माह्या नावावर हे कोणाचे बोल छापले वं?” मी वाशीमच्या एका दातांच्या डॉक्टरांसाठी अक्कलदाढेवर लिहीत बसले होते. ‘अक्कलदाढ ही घाबरण्याची गोष्ट नाही’ इथपर्यंत आले होते आणि पुढचं वाक्य अगदी बोटांच्या टोकावर होतं. म्हणून निम्मं लक्ष तिकडेच ठेवून मी म्हटलं, “तुमचेच हायत मामा. जराशे नीट केले फक्त.” पलीकडे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मामांनी माझाच शब्द सावकाश परत केला. “नीट केले. मंग असं कर पोरी, ज्यानं नीट केले त्यालेच मामा म्हणून उभं कर. मी काही येत नाही लग्नाले.” आणि फोन बंद. माझं अक्कलदाढेचं पुढचं वाक्य कुठे गेलं कोण जाणे, ते नंतरही सापडलं नाही.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं, धम्मदीपाचं. आमच्यात अंतरपाट नसतो, भटजी नसतो; पण नवरीचा हात धरून तिला मंचापर्यंत आणायचं ते मामानंच, हे आईच्या माहेरी ठरून गेलेलं आहे. आणि दुसरं ठरून गेलेलं म्हणजे पत्रिकेच्या तळाशी उकंडमामांच्या चार ओळी. आईच्या माहेरची कुठलीही लग्नपत्रिका उचला, खाली चौकटीत मामांची कविता असायचीच. लोक पत्रिका हातात आली की तारीख, वार, स्थळ सोडून आधी खाली बघायचे आणि खो खो हसायचे. मामांना ते हसणं आवडायचं. मला आवडायचं नाही. लहानपणी शाळेत मैत्रिणींना पत्रिका द्यायची वेळ आली की मी त्या चौकटीवर अंगठा ठेवून द्यायची. आता मी अंगठा ठेवायच्या वयाची राहिले नव्हते. आता मी संपादक होते.

संपादक म्हणजे काय, तर आई शेजारणीला सांगते तसं, “आमची सुकेशनी लोकाईचं लिवून देते.” ह्याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही. मी घरी बसून शब्दांची कामं घेते. सकाळी दात, दुपारी सोयाबीनचं बियाणं, संध्याकाळी पुण्याच्या एका कंपनीसाठी गच्चीची गळती. गळतीवर मी आजवर इतकं लिहिलं आहे की पुण्यातल्या कुठल्याही गच्चीवर मला उभं करा, भेग कुठे असेल ते मी सांगेन. आमच्या स्वतःच्या घरावर मात्र टिनं आहेत. मधूनमधून शाळेची स्मरणिका, कुणाच्या प्रबंधाची भाषा, कुणाचं मानपत्र, चौकातल्या फलकावरची श्रद्धांजली. राशिभविष्य तेवढं घेत नाही, आईनं कान पिळला असता. आणि हे सगळं मला मनापासून आवडतं, त्यात काही खोटं नाही. दाताच्या डॉक्टरांच्या आवाजात शिरायचं, मग तिथून निघून बियाणं विकणाऱ्याच्या अंगात जायचं, त्याच्यासारखा हात वर करून बोलायचं. दिवसभरात मी किती जणांच्या घरी जाऊन येते आणि उंबरा ओलांडत नाही. नाव कुठेच नसतं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट लोक माझं वाक्य स्वतःचं म्हणून वापरतात तेव्हा मला गुदगुल्या होतात. मामांच्याच गावचे, इंझोरीचे मोहनसिंग गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं आत्मचरित्र मी लिहून दिलं. त्यांनी मला बदल्यांच्या तारखा तेवढ्या सांगितल्या होत्या. मी लिहिलं की नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या दारात उभं असताना आपल्या हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना. गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, अगदी असंच झालं होतं, तुला कोणी सांगितलं? पुस्तक निघालं, शाल-श्रीफळ झालं, आणि त्या दिवसापासून गुरुजी साहित्यिक झाले. आता गावातल्या पोरांच्या कविता ते तपासतात. मला त्यात गंमतच वाटायची. आजवर इतक्या लोकांच्या नावावर मी इतके शब्द घातले, पण कोणी उठून म्हटलं नव्हतं की हे माझं नाही. म्हणजे मला तो प्रश्न ठाऊकच नव्हता.

मामांनी कागदावर लिहून पाठवलं होतं ते असं:

धम्मदीपा आमची भाची गुणाची,
सवय तिले हाय दोनदा चहाची;
जावईबापू, दूध जादा घेत जा,
नाही पुरलं तर आमच्याकडे येजा.

आता तुम्हीच सांगा. नवरामुलगा प्रसेनजित बँकेत, त्याच्या घरचे निम्मे शिक्षक, आणि आमच्या पत्रिकेत दुधाचा हिशेब. मी कपाळाला हात लावला, आणि मग तोच हात कीबोर्डवर ठेवला. आधी तिसरी ओळ जरा सरळ करून बघितली. मग पहिली. मग म्हटलं, हे दुरुस्त होण्यातलं नाही. आणि चहा प्यायच्या आत लिहून टाकलं:

मैत्रीच्या वाटेवर पडो पहिले पाऊल,
करुणेच्या प्रकाशाची लागो नवी चाहूल;
दोन घरांना जोडणारा हा मंगल क्षण,
आपल्या येण्याने उजळो आमुचे अंगण.

खाली नेहमीसारखं, ‘उकंडराव, नवरीचे मामा’. सफाईदार, गुळगुळीत, कुठेही अडकत नाही. मला वाटलं, मामा खूश होतील. खरंच वाटलं. मामांना एक छानसा सदरा शिवून द्यावा आणि अंगावर घालूनच दाखवावा, असं काहीतरी ते होतं.

फोन झाला तेव्हा आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तशीच वळून आत गेली. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघी लहान होतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामात, दाखला काढण्यापासून टिनं बदलण्यापर्यंत, मामा इंझोरीहून यायचे, काम करायचे, काळा चहा प्यायचे आणि जायचे. आईला दुसरा भाऊ नाही. “माह्या लेकीच्या लग्नाले माहा भाऊ नाही आला तं मंग माहेरचं कोण आलं वं?” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, आणि जेवणाच्या ताटावरून उठली. धम्मदीपा तेवढी माझ्यावर चिडली. “तुले कोणं सांगतलं होतं? मले तेच पायजे होतं. चहाचं. मी प्रसेनजितले सांगून ठेवलं होतं का मामा काहीतरी भन्नाट लिवतीन.” मी म्हटलं, पत्रिका छापून वाटून झाल्यात, आता काय करू? ती म्हणाली, “जाय ना मंग. माफी माग. तुले तं लिवता येते ना सगळं.” त्या शेवटच्या वाक्यात टोमणा होता आणि तो बरोबर बसला.

म्हणून मी निघाले. रिसोडहून वाशीम, तिथून मंगरूळपीर, आणि पुढे जीपमध्ये एका बाईच्या पिशवीतल्या कांद्यांवर निम्मी टेकून. मे महिना, खिडकीतून येणारा वारासुद्धा तव्यावरून उठल्यासारखा. वाटेत माफीचा मसुदा करावा असं मी ठरवलं होतं. काम काय, बोलायच्या चार वाक्यांचं. पहिला मसुदा आपसूक दातांच्या डॉक्टरांच्या आवाजात आला: ‘मामा, अशी ठणक सुरुवातीला सगळ्यांनाच जाणवते, त्यात काळजीचं कारण नाही.’ तो खोडला. दुसरा बियाण्याच्या पत्रकातून: ‘वेळीच योग्य निगा राखल्यास नातं पुन्हा जोमानं उगवतं.’ मग गळती: ‘बाहेरून भेग लहान दिसते, पण आत पाणी किती मुरलं आहे ते तज्ज्ञालाच कळतं.’ मला हसू आलं, कांद्याच्या बाईनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग म्हटलं, जरा भावपूर्ण करू, आणि सुरुवात झाली, ‘उकंडमामा म्हणजे आमच्या कुटुंबाचा आधारवड’, आणि मी दचकून थांबले, कारण ते वाक्य मी फक्त गेलेल्या माणसांसाठी वापरते. चांगला धडधाकट मामा आणि मी त्याला चौकातल्या फलकावर चढवलं. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. सगळ्यांचे आवाज होते माझ्याकडे, रांगेत उभे होते, मी बोलू का, मी बोलू का म्हणत होते. पण मामांशी बोलायचा माझा म्हणून जो आवाज, तो त्या रांगेत दिसेना. तो होता नक्की. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून मी ज्यात बडबडायची तो. मामा तेव्हा ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि दवंडी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गावभर फिरायची. मामा चौकात उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, उद्या नळाला पाणी येणार नाही, आणि बाया दारातून त्यांनाच शिव्या घालायच्या, जसं काही मामांनीच टाकीचा कॉक फिरवला. एकदा मामांनी दवंडीत मनाचं एक वाक्य घातलं: “माह्या बायकोनं आत्ताच पाण्याचे दोन गुंड भरून ठेवले, तुमीबी भरा!” लोक हसले, पाणी भरलं. पण सरपंचांनी बोलावून सांगितलं, कागदावर असेल तेवढंच बोलायचं. मामा परत आले ते माझ्याकडे बघून डोळा मिचकावत, पण पुढच्या दवंडीत त्यांनी कागदावर होतं तेवढंच सांगितलं. इंझोरी आली, मी कांद्यांवरून उतरले.

मामा अंगणात कूलरमध्ये पाणी ओतत होते. मला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली नाही. लिलामामी दारातून म्हणाली, “ये माय, बरं झालं आली. हे पाय कसे गाल फुगवून बसले. मले तं वाटते पत्रिकेपेक्षा ह्याईच्या गालाकडंच लोकं पाहून राह्यले.” मी बादली घेतली, दुसरीकडून ओतायला लागले. मसुदे सगळे जीपमध्येच राहिले होते. “मामा,” मी म्हटलं, “माहं चुकलं. पण खरं सांगू का, लग्नाच्या पत्रिकेत दूध कसं दिसते?”

“काहून? जावई चहा पेत नाही का?”

“पेते. पण छान नाही दिसत ना.”

“छान कोणाले पायजे होतं?” मामा म्हणाले. मग कूलरचं झाकण लावून ते बाजेवर बसले, मला शेजारी बसायला सांगितलं, आणि आवाज एकदम खाली आला. “हे पाय. तू लिवलं ते चांगलं हाय. लयच चांगलं हाय, म्हणूनच दुखलं. परवा मोहनसिंग गुरुजी भेटले पारावर. सगळ्याईपुढं माही पाठ थोपटली. म्हणे, उकंडराव, इतके वर्सं तुमी यमक जोडत होते, आता कुठं तुमाले कविता जमली. लोकं टाळ्या वाजवून राह्यले, अन् मी दात काढून उभा. आता तूच सांग, मी तिथं काय बोलू?”

मला गुरुजींच्या पुस्तकातला तो दरवाजा आठवला आणि हातांचं काय करावं ते कळेना. मामा सांगत होते, “नोकरीभर म्या दुसऱ्याचे बोल सांगतले. पाणी येणार नाही, टॅक्स भरा, कोंबड्याईले लस टोचा. तोंड माहं, बोल पंचायतीचे. त्याचं काही नाही, तो पगार होता. पण लग्नाच्या चार ओळी तेवढ्या माह्या होत्या. वाईट होत्या का? होत्या. मले का समजत नाही? लोकं हसत होते, ते माह्यावर हसत होते. तुह्या बोलाईच्या टाळ्या घेऊन मी काय करू?”

मला रडू आलं. साधं, नाकातून पाणी येणारं रडू. मामी पाणी घेऊन आली आणि दोघांकडे बघून परत आत गेली. मी म्हटलं, “मामा, सांगा ते करतो. पत्रिका नवीन छापू का? फोनवर सगळ्याईले पाठवू का तुमची कविता?” आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं दवंडीवालं हसू उमटायला लागलं, आणि मला भीती वाटली. “नाही,” ते म्हणाले. “तू तुहे बोल माह्या नावावर खपवले ना? आता माहे बोल तुह्या नावावर म्हण. लग्नात, माइकवर. सांगायचं, ही माही कविता. मामाची हाय, गंमत हाय, असं काही बोलायचं नाही. तू म्हटलं का मी पोरीचा हात धरून निंगतो. नाही म्हटलं तं तिथंच उभा राह्यतो.” आतून मामी जोरात हसली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई जेवली, धम्मदीपा मात्र पोट धरून हसत फरशीवर बसली.

त्यानंतरचे दिवस मी फार विचित्र घालवले. गच्चीची गळती लिहिताना मध्येच मनात यायचं: जावईबापू, दूध जादा घेत जा. लग्नाला कोणकोण येणार ते मला ठाऊक होतं: दातांचे डॉक्टर, बियाणंवाले, ज्यांचे प्रबंध मी सरळ केले ते दोन प्राध्यापक, शिवाय प्रसेनजितकडचे सगळे शिक्षक. माझं नाव कुठे छापून आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पहिल्यांदा माझ्या नावावर जे ऐकतील ते हे. मी आरशापुढे उभी राहून सराव केला. ‘जादा’च्या जागी ‘थोडे अधिक’ बसतं का, ‘तिले’चं ‘तिला’ केलं तर मामांच्या लक्षात येईल का? येईल. मग मी म्हणताना किंचित हसून, भुवई उडवून, हे काही खरं माझं नव्हे असं सुचवता येईल का ते बघितलं. तेही मामांच्या लक्षात आलं असतं. शेवटी मी सराव सोडून दिला आणि कामाला लागले.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं, पंखे नुसते गरम हवा फिरवत होते. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला प्रसेनजित मंचावर घामाघूम उभा. हॉलच्या दाराशी धम्मदीपा, पांढऱ्या साडीत, आणि तिचा हात धरून कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले मामा, नजर सरळ माझ्यावर. सूत्रसंचालकानं सांगितलं, नवरीच्या मोठ्या भगिनी, सुप्रसिद्ध लेखिका सुकेशनीताई आता स्वतःची कविता सादर करतील. सुप्रसिद्ध! मी माइकपाशी गेले. समोर डॉक्टरांचे चकचकीत दात दिसले, पुढच्या खुर्चीत मोहनसिंग गुरुजी मान तिरकी करून, कविता तपासायच्या तयारीत. मी म्हटलं, “ही माझी कविता आहे.” माझा आवाज मला जरा उंच लागलेला ऐकू आला. आणि मी म्हणायला लागले.

दुसऱ्या ओळीला मागून कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या ओळीला, दुधाच्या, सगळा हॉल हसला, आणि मंचावरून प्रसेनजित ओरडला, “दोन लिटर सांगून ठेवलं!” मग तर काही विचारू नका. मला थांबावं लागलं. हसू खाली बसायची वाट बघत मी उभी होते आणि मला आई दिसली. ती हसत नव्हती. ती मामांकडे बघत होती. पुढची ओळ तिला आधीच ठाऊक होती. मी म्हटलं, नाही पुरलं तर आमच्याकडे येजा, आणि आईनं पदर तोंडाला लावला. बाबा गेल्यावरच्या त्या पहिल्या महिन्यात आम्ही तिघी इंझोरीलाच होतो, हे मी विसरले नव्हते, पण ती ओळ खोडताना ते मला आठवलंही नव्हतं. तिकडे आमच्यासाठी दूध पुरलं नाही की मामी वाटी घेऊन शेजारी मागायला जायची. ती ओळ मी किती वेळा मनात म्हटली होती, वैतागून, लाजून. पण मोठ्यानं, माझ्या तोंडानं, धम्मदीपाकडे बघत म्हटली तेव्हा ती मला माझीच वाटली. मला खरंच तिला तेच सांगायचं होतं. नाही पुरलं काही, तर ये. मैत्रीच्या वाटेचं आणि करुणेच्या प्रकाशाचं मला तिला काहीही सांगायचं नव्हतं.

मामांनी एकदा मान हलवली आणि ते निघाले, भाचीचा हात धरून, हसणाऱ्या खुर्च्यांच्या मधून, सावकाश, दोन्ही बाजूंना बघत. धम्मदीपा एकाच वेळी रडत आणि हसत होती आणि तिचं काजळ गेलं. त्रिशरण झालं, फुलं पडली, लग्न लागलं.

जेवणाच्या रांगेत गुरुजींनी मला गाठलं. एका हातात ताट, दुसरा हात माझ्या खांद्यावर. मामा शेजारीच जिलेबीवाल्यापुढे उभे होते, पाठ आमच्याकडे. “छान,” गुरुजी म्हणाले, “भाव आहे. ग्रामीण ढंग आहे. पण सुकेशनी, लेखक या नात्यानं एक सांगू? ती तिसरी ओळ. दूध वगैरे. ती जरा लंगडते. तिथं काहीतरी चंद्र, चांदणं असं घेतलंस तर कविता एकदम उंच जाईल. मी करून देतो, उद्या घरी पाठवतो. नाव तुझंच राहू दे.”

ग्राहकांशी मी नेहमी गोड, शुद्ध बोलते, आणि गुरुजी तर माझे जुने ग्राहक. ‘बघते हां सर’ हे वाक्य तयारच असतं.

“काही गरज नाही,” मी म्हटलं. “त्या ओळीले हात नोका लावू गुरुजी. माही हाय ते.”

गुरुजींचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. मामांनी वळून पाहिलं. मला वाटलं ते हसतील, डोळा मिचकावतील, पण ते नुसतेच माझ्याकडे बघत राहिले, कारण माझे कान तापले होते आणि मला आलेला राग अगदी खरा होता.